जेवणानंतर एक भांडण

हिंदुराव पिसाळ आयुष्यात कुणाशी भांडले नव्हते. या गोष्टीचा करंजसोंड गावाला इतका अभिमान होता की वेशीच्या कमानीवर ‘शांतग्राम’ अशी अक्षरं बसवली तेव्हा त्याखाली बारीक अक्षरांत त्यांचंही नाव घातलं होतं.

हिंदुरावांची सारी नोकरी गुरांच्या दवाखान्यात झाली. तिथं लाथ बसली तरी जनावरावर ओरडायचं नसतं. ओरडलं की दुसरी बसते. तीच रीत त्यांनी पुढं माणसांना लावली. निवृत्त झाल्यावर गावानं त्यांना तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष केलं आणि बांधावरची, नळावरची, वरातीतल्या बेंजोवरची सगळी भांडणं ते चहा पाजून मिटवू लागले. गावात दुधाचा खप वाढला. तालुक्याच्या कोर्टातले वकील करंजसोंडचं नाव काढलं की सुस्कारा सोडत.

अशा माणसाला नागीण झाली.

डाव्या बाजूला, पाठीच्या मणक्यापासून छातीपर्यंत, फोडांचा पट्टा उठला. शेजारच्या गऊबाई गेरूची वाटी घेऊन धावत आल्या. नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस संपला, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तेव्हा त्यांनी हिंदुरावांच्या छातीच्या मधोमध गेरूची एक जाड रेघ मारली आणि नागिणीला सीमा आखून दिली. तालुक्याच्या डॉक्टर फरीन मुजावर यांनी ती रेघ पाहिली आणि गोळ्या लिहून दिल्या.

“आण्णा, लहानपणी कांजिण्या आल्या होत्या?”

“आल्या असतील. तेव्हा सगळ्यांनाच यायच्या.”

“तो विषाणू तेव्हा गेला नाही. मणक्याजवळ नसेच्या मुळाशी दडून बसला. वय झालं, शरीराचा पहारा ढिला पडला, की तो उठतो आणि नसेच्या वाटेनं कातडीपर्यंत येतो. फोड तर वाळतील. पण जाता जाता तो नस सोलून जातो. तारेवरचं रबर उंदरानं कुरतडावं तसं. मग त्या तारेतून नसलेल्या आगीची बातमी मेंदूला जात राहते.” डॉक्टरांनी गोळ्यांची चिठ्ठी पुढं केली. “ह्याची लस असते, पन्नाशीनंतर घ्यायची. मी सांगितलं होतं.”

“सांगितलं हुतं की,” हिंदुरावांची बायको शालन म्हणाली. “ह्यांनी अख्ख्या तालुक्याच्या गाईम्हशींना लशी टोचल्या. सोताच्या दंडाला सुई लावायची म्हटल्यावर मातुर गाभण म्हशीगत पळाले.”

आणि तिनं तिथंच पदर सावरून स्वतःचा दंड पुढं केला.

फोड वाळले. नागीण निघून गेली आणि तिचं दुखणं मात्र घरजावयासारखं राहिलं. दुखणंही असं की त्याला एक नाव पुरेना. मधेच सणक निघायची, मग भगभग, मग कुणीतरी आतून चिमटे काढत बसल्यासारखी चुणचुण. पण सगळ्यांत वाईट होता तो कपड्याचा स्पर्श. मऊसूत मलमलीचा सदरा अंगावर घातला की तापल्या तव्यावर छाती टेकवल्यासारखं व्हायचं. पंख्याचा वारा सोसायचा नाही. हिंदुराव घरात उघडेच बसू लागले, उजव्या खांद्यावर तेवढा एक टॉवेल. डॉक्टरांच्या गोळ्यांनी दुखणं जेमतेम निम्मं व्हायचं, पण झोप दुप्पट यायची. एकदा दोन भावांचा बांधाचा तंटा मिटवता मिटवता ते बसल्या जागी झोपून गेले. आण्णांनी समाधी लावली असं वाटून दोघे भाऊ घाबरले आणि आपापसांत तडजोड करून पाय न वाजवता निघून गेले.

तेव्हा डॉक्टरांनी ‘निवांत’ आणली.

निवांत ही एक पट्टी होती, बोटभर रुंद. ती पाठीला, मणक्याच्या कडेला चिकटवायची. नसेतून जाणारी वीज ती ऐकायची. त्यातली खरी बातमी कोणती आणि खोटी बोंब कोणती ते हळूहळू ओळखायला शिकायची, आणि खोटी बोंब उठली की नेमका उलटा ठोका पाठवून तिला मधेच दाबायची. शिवाय माणसाचा दिवस कसा जातो, कशानं दुखणं वाढतं, कशानं घटतं, हेही ती टिपायची आणि मोबाइलमधून सांगायची. शहरांत अर्ध्याअधिक म्हाताऱ्यांच्या पाठीवर तोवर अशा पट्ट्या आल्या होत्या. खेड्यांसाठी कंपनीनं तिला मराठी शिकवलं होतं, पण ते बहुधा सरकारी पत्रं वाचायला देऊन.

“आदरणीय हिंदुराव,” ती म्हणायची, “आपली वेदना सात आहे. कृपया धीर धरावा.”

“ही कोण बया?” शालननं पहिल्याच दिवशी विचारलं.

“यंत्र आहे गं.”

“मग आदरानं बोलायला सांगा. आकडं काय सांगती?”

पट्टीनं सातावरून पाचावर आणलं आणि तिथं घोडं अडलं. पाच म्हणजे झोप लागते पण सदरा घालवत नाही. हिंदुरावांनी पाचाशी तडजोड केली. तडजोड हा त्यांचा धंदाच होता.

मग एका सकाळी दुधाचा टेम्पो मागं येता येता त्यांच्या गोठ्याच्या कुडावर आदळला. आत गाभण म्हैस बिथरली, दावं तोडू लागली. ड्रायव्हरनं खाली उतरायचं सोडून वर तिच्याकडं बघून हॉर्न वाजवला. हिंदुराव अंगणात आले आणि त्यांच्या तोंडून जे निघालं ते ऐकून गऊबाईंच्या हातातला तांब्या पडला.

“डोळे बोनेटात ठेवलेत का रे भाड्या? गाभण जनावरापुढं भोंगा वाजवतोस? उतर खाली! उतर, नायतर तुझ्याच कानात वाजवतो तो!”

ड्रायव्हर उतरला. हात जोडले. कूड उभा करून दिला. अंगणात शांतता पसरली, आणि त्या शांततेत पायजम्याच्या खिशातला मोबाइल बोलला, “आदरणीय हिंदुराव, आपली वेदना दोन आहे. अभिनंदन.”

हिंदुरावांनी खाली पाहिलं. टॉवेल उजव्या खांद्यावरून घसरून डाव्या छातीवर पडला होता. केव्हाचा पडला होता, ते त्यांना कळलंही नव्हतं.

डॉक्टर मुजावर यांनी मोबाइलवरचा आलेख पाहिला, मोठा करून पाहिला, मग खुर्ची पुढं ओढली.

“आण्णा, तुम्ही बैलांच्या झुंजी पाहिल्यात?”

“पाहिल्यात म्हणजे? नंतर टाके मीच घालायचो. पोटात शिंग घुसलेला बैलसुद्धा झुंज सुरू आहे तोवर उभा राहतो. संपली की मग गुडघे टेकतो.”

“तेच. मेंदूकडून खाली कण्यात एक वाट येते. त्या वाटेवर एक फाटक आहे. जीव लढायला उभा राहिला की मेंदू हुकूम सोडतो, दुखण्याची बातमी नंतर आणा, आत्ता वेळ नाही. फाटक बंद. कुणाचं ते भजनात बंद होतं, कुणाचं पत्त्यांच्या डावात. माझ्याकडं एक आजी आहेत, त्यांचं मालिका बघताना होतं. तुमचं भांडताना होतं. आणि फाटक बंद असतानाच पट्टीचा ठोका पडला तर ते काही तास तसंच राहतं. रोज असं झालं तर त्याला बंद राहायची सवय लागते.”

“म्हणजे मी काय करायचं?”

“भांडायचं. दिवसातून दोनदा. जेवणानंतर.”

“जेवणानंतरच का?”

“उपाशीपोटी भांडलात तर पित्त वाढेल.”

हिंदुरावांनी भिंतीवरच्या मणक्याच्या चित्राकडं पाहिलं. मग म्हणाले, “डॉक्टर, मी तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष आहे.”

“म्हणून तर म्हणते,” डॉक्टर म्हणाल्या. “न वापरलेला साठा भरपूर असेल.”

कंपनीला ही गोष्ट आधीच ठाऊक असावी. कारण घरी पोचेपर्यंत मोबाइलवर ‘वादसखा’ नावाची सेवा उतरली होती. महिनाभर फुकट. दुपारी भाकरी खाऊन हिंदुराव पाटावर बसले आणि त्यांनी बटण दाबलं.

“आदरणीय हिंदुराव,” वादसखा म्हणाला, “आपण अत्यंत बेजबाबदार गृहस्थ आहात, असे खेदाने नमूद करावे लागते.”

हिंदुरावांनी मोबाइल कानाजवळ धरला.

“आपल्या वर्तनाबद्दल आपणास लाज वाटणे अपेक्षित आहे. आपण आपले थोबाड कृपया मिटावे.”

शालन आतून आली ती भिंतीला धरून हसत. हिंदुरावही हसले, आणि हसल्यानं बरगडी हलली, आणि बरगडी हलल्यानं अशी कळ गेली की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. निवांतनं आठ सांगितले. वादसखा माफी मागून बंद पडला.

मग गावाला कळलं. करंजसोंडला कळल्यावर जे व्हायचं तेच झालं: माणसं मदतीला धावली. ज्यांचे तंटे आण्णांनी मिटवले होते ते सगळे एकेक करून भांडायला येऊ लागले. दुपारी ओट्यावर रांग लागे. एक जण यायचा, चप्पल काढायचा, पाया पडायचा आणि मग कमरेवर हात ठेवून म्हणायचा, “काय रं ए म्हाताऱ्या!” आणि लगेच, “चुकलं आण्णा, जरा जास्तच झालं का?” दुसरा घरून लिहून आणायचा. तिसऱ्यानं शिव्या देता देता आण्णांनी त्याचा मोडलेला संसार कसा जोडला ते आठवून हुंदका दिला. हिंदुरावांनी त्याला चहा पाजला. वेदना होती तिथंच राहिली, चहापत्तीचा डबा मात्र रिकामा झाला.

“ही काय भांडणं हायती?” शालन एक दिवस म्हणाली. ती भुईमुगाच्या शेंगा फोडत होती, उजव्या हातानं. डावं मनगट तिला नीट वळत नसे; ते वाकडंच जुळलं होतं. “मी भांडू का?”

“तू?”

“मग कोण, त्यो तुमचा वादसखा? माझ्याकडं हाय एक. जुनं हाय, पण खराब झालेलं न्हाई.”

हिंदुराव सावरून बसले. ही कल्पना त्यांना बरी वाटली. घरातलं औषध.

शालननं सूप बाजूला ठेवलं आणि डावा हात त्यांच्या डोळ्यांपुढं धरला.

“ह्यो हात बगा. कशानं मोडला?”

“ओढ्यात पाय घसरून.”

“ओढ्यातनं मी कशाला चालले हुते? वैरणीचा भारा डोक्यावर घिऊन, पावसाळ्यात, शेवाळलेल्या दगडांवरनं?”

उत्तर अख्ख्या गावाला माहीत होतं. वरच्या शिवाराकडं जायला पूर्वी पाणंद होती, दोन गाड्या शेजारून जातील एवढी रुंद. सरकारी नकाशात ती अजूनही आहे. पण तिला लागून सरपंच रणजित भोईट्यांची जमीन होती. आधी त्यांच्या वडलांनी आणि मग त्यांनी, दर नांगरटीला एकेक सरी करून, पाणंद उसाखाली घेतली. शेवटी शेळीलासुद्धा आडवी जायला जागा उरली नाही आणि गावच्या बायका ओढ्यातून जाऊ लागल्या.

“माझा हात गळ्यात बांधलेला हुता,” शालन म्हणाली. “आन् तुमी भोईट्यांच्या वाड्यावर गेला. मला वाटलं, आता तरी ह्यो माणूस तोंड उघडंल. तुमी काय आनलं येताना?”

“शालन...”

“काय आनलं?”

“शाल,” हिंदुराव म्हणाले. “आणि नारळ.”

“सामोपचारानं मिटीवलं म्हनून गावानं टाळ्या वाजीवल्या. नारळाची बर्फी मीच केली, एका हातानं. ती शाल अजून ट्रंकेत हाय. तिच्यात काय गुंडाळून आनलं हुतं सांगू? माझा हात. अख्ख्या गावाचं तोंडबी.”

मोबाइल गुरगुरला. “आदरणीय हिंदुराव, आपली वेदना नऊ आहे. सदर वादात आपली बाजू कमकुवत असल्याचे आढळते. असा वाद उपचारासाठी उपयुक्त नाही.”

शालननं मोबाइलकडं पहिल्यांदाच मान वळवून, नीट पाहिलं.

“लई शानी हायस गं बाई तू,” ती म्हणाली आणि सूप ओढून पुन्हा शेंगा फोडू लागली.

हिंदुराव तसेच डॉक्टरांकडं गेले. पट्टीला बरोबर-चूक कळतं का, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं.

“पट्टीला काय कळणार?” डॉक्टर म्हणाल्या. “ते वाक्य कंपनीवाल्यांनी हुशारी म्हणून घातलंय. तिला एवढंच दिसतं की फाटक बंद झालं नाही. तोंडानं कितीही ओरडा, आण्णा, आतून तुम्हाला तुमचं पटलं नसेल तर मेंदू हुकूम सोडत नाही. खोटं भांडण चालत नाही. चूक असताना केलेलंही चालत नाही.”

“अवघड औषध दिलंत.”

“दुकानात मिळत नाही खरं.”

परत येताना हिंदुराव एसटीत उभ्यानंच आले, कुणाचा धक्का लागू नये म्हणून डावा कोपर बाहेर काढून. गावात उतरले तर सरपंच रणजित भोईटे कमानीखाली शिडी लावून अक्षरांवरची धूळ पुसून घेत होते. सरपंच चाळिशीचे, गोरे, हसतमुख. रागावले तरी हसत.

“आण्णा! तुमच्याकडंच यायला निघालो होतो. गुरुवारी मूल्यमापन आहे.”

शांतग्राम स्पर्धेचं हे शेवटचं वर्ष होतं. चावडीच्या, शाळेच्या, पाण्याच्या टाकीच्या खांबावर जिल्ह्यानं पेट्या बसवल्या होत्या. त्या कान लावून बसत. गावात कुणी आवाज चढवला की तांबडा दिवा लागे आणि गुण कमी होत. सलग पाच वर्षं दिवा न लागलेलं गाव म्हणजे आदर्श गाव. करंजसोंडचं चार वर्षं आणि साडेअकरा महिने झाले होते. वरातीत आता बेंजोऐवजी सनई वाजे, तीही बसक्या आवाजात. टेम्पोवाल्यावर आण्णा ओरडले तेव्हा जवळच्या खांबावरची पेटी नेमकी दुरुस्तीला गेली होती, हे गावाचं नशीब.

“त्या दिवशी तुमचं भाषण,” सरपंच म्हणाले. “पाच मिनिटं. नंतर वर्षभर भांडा हवं तर, माझ्याशी भांडा, वाटल्यास पंचायतीत काचेची बंद खोली करून देतो तुम्हाला. पण गुरुवारी ती पट्टी काढून ठेवा, गोळी घ्या, आणि सदरा-जाकीट घालून या. उघडा अध्यक्ष बरा नाही दिसत. बक्षिसातून सभागृह होणार आहे. तुमच्या नावाचं करू.”

“रणजित,” हिंदुराव म्हणाले, “आणि पाणंद?”

सरपंच हसले. शिडीवरचा माणूस उगाचच एकाच अक्षरावर फडकं फिरवत राहिला.

“आण्णा, पाणंदीचा विषय तुम्हीच मिटवलाय की. शाल असेल अजून घरात.”

खिशातून हळू आवाज आला, “आदरणीय हिंदुराव, आपली वेदना चार आहे.”

“काय म्हणाली?” सरपंचांनी विचारलं.

“काही नाही,” हिंदुराव म्हणाले. “सदरा घालून येतो.”

गुरुवारी करंजसोंड गाव इतकं शांत होतं की बाहेरच्या माणसाला तिथं कुणी गेलंय असं वाटावं. कुत्री मळ्यात नेऊन बांधली होती. तान्ही मुलं आयांसकट माहेरी धाडली होती. गऊबाईंना ऐकू कमी येत असल्यामुळं त्या मोठ्यानं बोलत. त्यांना आधीच लाडू भरवून बसवलं होतं. चावडीपुढं मांडव, मांडवात जिल्ह्याहून आलेल्या मूल्यमापनाच्या मॅडम, आणि त्यांच्या डोक्यावर खांबाला ती पेटी, हिरवा दिवा लावून.

हिंदुराव सदरा घालून आले. घालताना शालननं हात लावला नव्हता. लावला असता तर ओरडले असते. एकेक बाही म्हणजे निखाऱ्यांतून हात बाहेर काढणं होतं. कपाळावर घामाचे थेंब उभे होते. पट्टी त्यांनी काढली नव्हती, गोळी घेतली नव्हती. डाव्या खांद्यावर, जिथं माशी बसली तरी सोसत नव्हती तिथं, घडी घातलेली शाल होती. ट्रंकेतली. तिला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता.

“ही शाल कशाला काढली?” शालननं घरातून निघताना विचारलं होतं.

“परत करायची आहे.”

मांडवात पोचल्यावर ती बायकांच्या बाजूला अगदी पुढं जाऊन बसली.

“आमच्या गावाचे भूषण,” सरपंचांनी ओळख करून दिली, “ज्यांच्यामुळे या गावात आजवर एकही तंटा...” टाळ्या झाल्या, हलक्या हातानं. हिंदुराव माइकपुढं उभे राहिले. माइक छातीजवळ, सदऱ्याच्या मोबाइल ठेवलेल्या खिशाजवळ होता.

“मंडळी,” ते म्हणाले, आणि सदरा श्वासाबरोबर हलला, आणि डोळ्यांपुढं काजवे चमकले. त्यांनी माइकचा दांडा धरला. “मी जन्मभर मुकी जनावरं तपासली. बैल सांगत नाही कुठं दुखतं. तो गप्प उभा राहतो. नवशिका डॉक्टर म्हणतो, जनावर शांत आहे. जाणत्याला कळतं की हे जनावर दुखण्यानं गप्प आहे.” ते मॅडमकडं वळले. “मॅडम, आमचं गाव शांत नाही. आमचं गाव गप्प आहे.”

मॅडमनी मान वर केली. सरपंच हसले.

“आण्णांची तब्येत जरा...”

“तब्येत माझी आहे, तू मधे बोलू नकोस! वरच्या शिवाराची पाणंद कुठं गेली, रणजित?”

“आण्णा, नंतर बसून बोलू. चहा घेऊ.”

“चहा मी पाजतो लोकांना, तू मला शिकवू नकोस! अर्ध्या गावाची वाट तुझ्या उसाखाली आहे. गावच्या लेकीसुना पावसाळ्यात ओढ्यातून भारे आणतात. माझ्या बायकोचा हात मोडला. आणि मी काय केलं? ही शाल घेतली!” त्यांनी खांद्यावरची शाल ओढली, डाव्या छातीवरून खसकन, आणि सरपंचांच्या मांडीवर टाकली. “घे तुझी शाल! माझी पाणंद दे! माझी नव्हे, गावाची दे! सरी सरीनं खाल्लीस, तशी सरी सरीनं ओक!”

पेटीवरचा दिवा तांबडा झाला. मांडवात कुणाचाही श्वास ऐकू येत नव्हता. आणि त्या शांततेत माइकमधून, तिन्ही कर्ण्यांमधून, साऱ्या करंजसोंडला ऐकू जाईल असा मंजुळ आवाज घुमला:

“आदरणीय हिंदुराव, आपली वेदना शून्य आहे. कृपया असेच चालू ठेवावे.”

आधी शालन उठली. तिनं वाकडं मनगट वर केलं.

“ह्योबी बगा, म्याडम! ह्यो गुणांत धरा!”

मग मागून कुणी तरी म्हणालं, माझ्या बैलाचा पाय त्याच ओढ्यात मोडलाय. कुणी म्हणालं, माझ्या आईची तिरडी आम्ही पाण्यातनं नेली. गऊबाईंना काय चाललंय ते कळलं नव्हतं, पण सगळे ओरडतायत म्हटल्यावर त्यांनीही लाडू खाली ठेवून सरपंचांच्या आजोबांपासून सुरुवात केली. चार वर्षं साडेअकरा महिने दाबून धरलेला गावाचा आवाज एकदम सुटला, आणि दिवा इतक्या वेळा लागला-विझला की शेवटी पेटीतून धूर आला.

“हे भांडण समजायचं का?” मॅडमनी शेजारच्या माणसाला विचारलं.

“व्हय,” तो छाती काढून म्हणाला. “आमचंच हाय.”

बक्षीस गेलं. सभागृह गेलं. कमानीवरची ‘शांत’ ही दोन अक्षरं कुणीतरी काढून नेली. आता तिथं नुसतं ‘ग्राम’ आहे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ते पुरेसं वाटतं. हिंदुरावांनी अध्यक्षपद सोडलं. मोजणीवाले आले, त्यांनी खुणेचे दगड रोवले. सरपंचांनी वरपर्यंत अर्ज केले, हसत. पण गावाचं तोंड एकदा उघडलं होतं, ते मिटेना. रोज जेवणानंतर हिंदुराव उसाच्या कडेला जाऊन उभे राहत, आणि त्यांच्या मागं गाव. एखाद्या आठवड्यात ऊस एक सरी मागं सरके. एखाद्या आठवड्यात नुसतंच भांडण होई. डॉक्टर म्हणत, दोन्हींचा उपयोग आहे.

दुखणं गेलं नाही. ते जाईल असं डॉक्टर मुजावर यांनी कधी म्हटलंही नव्हतं. संध्याकाळ झाली की नस आपली जुनी बोंब मारायला लागे आणि निवांत चार, कधी पाच सांगे. पण हिंदुराव सदरा घालू लागले होते, आणि मधलं बटण लावताना थोडं कण्हत.

एका दुपारी ते ओट्यावर बसले होते, छातीला उशी लागणार नाही अशा बेतानं तिरके. सरपंचांनी शाल पुन्हा घरी पाठवून दिली होती, मान राखायचा म्हणून. शालननं तिचे उभे दोन तुकडे केले आणि पीळ देऊन एकाची चुंबळ वळली. भाऱ्याखाली डोक्यावर ठेवायला बरी, मऊ होती. दुसरा तुकडा गऊबाईंना दिला.

“आदरणीय हिंदुराव,” मोबाइल म्हणाला, “आपली वेदना पाच आहे. आजचा वाद अद्याप झालेला नाही.”

शालननं चुंबळ डोक्यावर ठेवून पाहिली, विळा कमरेला खोचला.

“दुखतंय?”

“दुखतंय.”

“मग बसलाय कशाला? उठा की. सरपंच शेतात आलाय.”